तुझे नाना पीत नाहीत

ब्राह्मणपुरी
२० नोव्हेंबर २०२३

स्वप्नाली,

आशीर्वाद गृहीत धर. फोनवर आपलं जमत नाही. तू मधेच बोलतेस, मी मधेच ठेवते. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

तुझं पाकीट मिळालं. तुमच्या बंगळूरच्या संस्थेत नानांच्या आजारावर नव्या औषधाची चाचणी होणार आहे, त्यांना घेऊन ये, असं तू लिहिलंस. सोबतची माहिती मी वाचली. बी.एस्सी. होऊन जमाना झाला, आमच्या वेळी जनुक म्हणजे फळ्यावर काढलेला माळेतला मणी होता. पण मला कळत नाही असं समजू नकोस. एका जनुकात तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती प्रमाणाबाहेर वाढली की मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या पेशी मरू लागतात. आधी चाल जाते, मग जीभ जड होते, मग हात. तुझी आजी धनुबाई शेवटची वर्षं खाटेवर होती ती यामुळेच; आपण ‘वारं’ म्हणत होतो. नवं औषध जनुकाला हात लावत नाही. जनुकाकडून पेशीला जाणारा चुकीचा निरोप ते वाटेतच मोडून टाकतं. गेलेलं परत येणार नाही; उरलेलं टिकतं का, एवढंच बघायचं आहे. म्हणून आधाराशिवाय चालणारी माणसंच घेणार.

नाना अजून आधाराशिवाय चालतात. पाय फाकवून चालतात, पण चालतात.

तरी आत्ता आणणार नाही. हर्षलाची सोयरीक जमते आहे. तळोद्याचं घर, मुलगा बँकेत. मागच्या वेळी दोंडाईच्याच्या पाहुण्यांना तू चहाबरोबर आपल्या घरची पिढीजात व्याधीही वाढलीस. ‘त्यांना माहीत असायला हवं,’ म्हणालीस. पाहुणे कप अर्धे टाकून उठले. तुझी धाकटी बहीण चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली होती. त्या वेळी मी तुला म्हटलं होतं, हिचं लग्न लागेपर्यंत या घरात पाऊल टाकू नकोस. ते अजून तसंच आहे. नानांना बंगळूरला नेलं की गावाला कारण सांगावं लागेल. तुझ्या मोठ्या बाबांचं, भाईदासदादांचंही हेच म्हणणं आहे. त्यांच्या नातीचंही पुढे बघायचं आहे. लग्न एप्रिलमध्ये करू. मग नेऊ. औषध पळून जात नाही.

आणखी एक. गेल्या महिन्यात पुरुषोत्तमनगरला ऊस उत्पादकांची सभा होती. नाना बोलायला उठले. पायरीवर झोक गेला, आणि माईकसमोर जीभ अडली. मागून कोणीतरी दारूचा टोमणा मारला, “हेमकांतआप्पानी आज सकायमाच लिन्ही वाटस!” सगळे हसले. मी बायकांच्या रांगेत होते. उठून त्याला चांगलं झापणार होते. उठले नाही. पिणाऱ्या बापाच्या मुलींची लग्नं होतात. आपल्याच गल्लीत तशी घरं आहेत. पिढीजात रोगाच्या घरातल्या मुलीचं होत नाही. तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे याला व्यवहार म्हणतात.

आई


ब्राह्मणपुरी
१६ जानेवारी २०२४

स्वप्नाली,

तळोद्याचे पाहुणे येऊन गेले. सोयरीक पक्की झाली. तुला कळवणं माझं काम, म्हणून कळवते.

मुलाची आई रुखमाबाई चौकस बाई आहे. नाना आतून आले तेव्हा त्यांचा खांदा चौकटीला लागला. रुखमाबाईंनी लगेच मान वर केली.

“दाजी आजारी शेतस का?”

मी म्हटलं, “आजारी कशाचे? घेतात कधीकधी.”

बाईचा चेहरा लगेच सैल झाला. “मंग काय! मन्हा दीर बी तसाच शे. चालस.” आणि पुढची पुरणपोळी स्वतः मागून घेतली.

नाना समोरच बसले होते. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, “म्हनू दे लोकेस्ले. मन्हं काय जास? पोरनं लगीन व्हई जाऊ दे.” एवढं म्हणायलाही त्यांना वेळ लागला. तू म्हणशील मी त्यांना विचारलं नाही. विचारलं नव्हतं. पण त्यांची हरकत नव्हती हे तुला सांगून ठेवते.

पुतण्याच्या वरातीत पोरं पिऊन नाचली म्हणून ज्यांनी बँडवाल्यांना अर्ध्या रस्त्यातून घरी पाठवलं होतं, ते हेच. मला आठवतं. या संक्रांतीला ते तिळगूळ वाटायला गल्लीत गेले नाहीत. पाय दुखतात म्हणाले.

कालच जब्बारभाई शहाद्याहून तणतणत आले. मोटार-वाइंडिंगचं दुकान उघडं टाकून आले होते, हात काळेच. नानांचे शाळेपासूनचे दोस्त, त्यांना काही बोलणं मलाही जड जातं. “भाभी, ह्या मानूसनी जिंदगीमा बाटलीले हात लाया नही. तुम्हले माहीत शे, मले माहीत शे. आनि तुम्हीच गावमा सांगतस?”

“जब्बारभाई, पोरीचं लग्न आहे. एप्रिलपर्यंत तोंड बंद ठेवायचं.”

“तुमनी पोर ती मन्ही पोर. ठेवस बंद.” मग जाता जाता दारात थांबून म्हणाले, “पन हाई खोटं हेमकांतना मानगुटीवर बठी जाई, भाभी. मंग उठाडता येवाव नही.”

त्यांना पहिल्यापासून नाटकी बोलायची सवय आहे.

आई


ब्राह्मणपुरी
२८ एप्रिल २०२४

स्वप्नाली,

लग्न पार पडलं. हर्षला तळोद्याला गेली. रंग चांगला दिसत होता तिचा.

तुला बोलावलं नव्हतं. तरी अक्षता पडेपर्यंत मी दोन-तीन वेळा मांडवाच्या दाराकडे बघितलं. तुझी साडी घेऊन ठेवली आहे, मोरपंखी. बघू.

कन्यादान भाईदासदादांनी केलं. नानांच्या हातातून पाणी सरळ पडलं नसतं. आधीच ठरवलं होतं, त्यांना मागच्या खोलीत बसवायचं, जब्बारभाई सोबत राहतील. दार मी बाहेरून ओढून घेतलं. वऱ्हाडी मंडळींना जे समजायचं ते समजली. आत दोघं, दार बंद. एकाने तर मला हसत विचारलं, “काकू, आम्हले बी बोलाव्हा ना आत!” मी लाडूचं ताट त्याच्या हातात दिलं.

पाठवणीच्या वेळी मात्र नाना ऐकेनात. मुलीला बघायला बाहेर आले आणि ओट्यावरून पडले. मनगट मोडलं. नवऱ्या मुलाच्या काकांनी स्वतःच्या गाडीतून शहाद्याला दवाखान्यात नेलं. चांगला माणूस. आमच्या शेजारीच उभे होते.

डॉक्टरांनी विचारलं, “काका घेतात का?”

मी म्हटलं, “हो.”

“किती?”

“रोज.”

“कधीपासून?”

“बरीच वर्षं.”

मुलाच्या काकांनी मान हलवली. डॉक्टरांनी लिहून घेतलं. एकदा तोंडातून गेलेलं त्यांच्यासमोर फिरवणं शक्य नव्हतं, आणि मुलगी अजून त्यांच्या उंबरठ्याच्या आत गेली नव्हती. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस ते लिहू नकोस. मला माहीत आहे.

प्लास्टर निघालं की बंगळूरला येऊ. मी शब्द दिला होता.

आई


ब्राह्मणपुरी
१६ जून २०२४

स्वप्नाली,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं असलं तरी आलं. जागा अजून शिल्लक आहे हे वाचून बरं वाटलं.

जुलैत निघतो. नंदुरबारहून भुसावळ, तिथून तुमची गाडी. तू स्टेशनवर ये किंवा येऊ नकोस, रिक्षा मला करता येते. नानांचे आजवरचे सगळे कागद मी तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने शिवले आहेत. धुळ्याचे, नाशिकचे, शहाद्याचे. माझ्याकडून कागद राहिला असं व्हायचं नाही.

नाना रोज सकाळी पपईच्या बागेत जातात. झाडांच्या दोन ओळींमधून चालायचं, कोणत्याही झाडाला हात लावायचा नाही. हात लागला की पुन्हा सुरुवातीपासून. मी बांधावर बसते. काल हात न लावता शेवटपर्यंत गेले आणि तिकडच्या टोकाला उभे राहून मला हात दाखवत राहिले, शाळेतल्या मुलासारखे. मी म्हटलं, उगाच हात हलवू नका, पडाल.

त्यांना फार आशा आहे. तुला हे कळावं म्हणून लिहिते. इंजेक्शन कमरेतून पाठीच्या कण्यात देतात, पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “सुई तं सुई.” मग तुझं नाव काढलं, “स्वप्नी भेटी ना पन.”

आई


ब्राह्मणपुरी
३ ऑगस्ट २०२४

स्वप्नाली,

तू तिथेच होतीस, तरी लिहिते. येताना स्टेशनवर तू एक शब्द बोलली नाहीस, त्यामुळे तुला काय समजलं आणि काय नाही ते मला कळलं नाही.

तुमच्या डॉक्टरबाईंचा दोष नाही. त्यांनी हिंदीत विचारलं, हे दारू पितात का? मी म्हटलं, कधीच नाही. त्यांनी मीच शिवलेल्या गठ्ठ्यातला शहाद्याचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. रोज, बरीच वर्षं. खाली माहिती देणार म्हणून माझंच नाव. मी म्हटलं, ते खरं नाही, मी तेव्हा खोटं सांगितलं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, “आईजी, तेव्हा खोटं सांगितलंत, की आता सांगताय? मी कोणतं धरू?”

या वयात मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता.

दारूनेही मेंदूचा तोच भाग जातो, तोच तोल जातो, हे त्यांनी समजावलं. औषधाचा परिणाम कोणता आणि दारू सुटल्याचा कोणता, हे वेगळं करता येत नाही, म्हणून नेहमी पिणाऱ्यांना चाचणीत घेत नाहीत. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. मग त्या नानांकडे वळल्या. “बाबा, आप बताइए. पीते हैं?”

तू बघितलंस. नानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “हां. पीता हूं.”

गाडीत मी त्यांना बोलले. सगळा डबा ऐकत होता, मी पर्वा केली नाही. का म्हणालात? तिथे कोण होतं आपलं बघायला? ना तळोद्याचे ना गावचे! ते खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, “तू खोटी पडी ऱ्हायनी व्हती.”



बाईंनी दोन वाटा सांगितल्या आहेत. शहाद्याच्या डॉक्टरांनी नोंद चुकीची होती असं लिहून द्यावं, घराबाहेरच्या दोन माणसांची साक्ष घेऊन. नाही तर सहा महिने दर महिन्याला रक्त तपासायचं, आणि मग पुन्हा चालण्याची परीक्षा. सहा महिने नानांकडे नाहीत. मी साक्षी आणते. गाव काही मेलेलं नाही.

आई


ब्राह्मणपुरी
११ ऑक्टोबर २०२४

स्वप्नाली,

साक्षी मिळाल्या नाहीत.

आधी सरपंच गजराबाईंकडे गेले. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली बाई. तिने खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, आणि म्हणाली, “मॅडम, तुम्हीच तं सांगेल व्हतं, घेतस म्हनीसन. आते मी उलटं कसं लिखी देऊ? उद्या विरोधी पार्टीना लोक मलेच धरतीन.” दूधडेअरीवर विचारलं. डेअरीवाला म्हणाला, काकू, आमच्याकडून तुम्हाला त्रास व्हायचा नाही, आप्पा आमचे आहेत, पण त्यांची ती सवय सोडवायचं बघा. सोडवायचं बघा! भजनी मंडळातल्या तिघांनी तर नानांना स्वतःच्या डोळ्यांनी शेताच्या बांधावर डुलताना पाहिलं होतं. पाहिलंच होतं. खोटं कोणीच बोललं नाही.

भाईदासदादा सख्खे, त्यांची साक्ष चालत नाही. चालली असती तरी त्यांनी दिली नसती.

शेवटी जब्बारभाई एकटे उरले. नमाज आटोपून, स्वच्छ सदरा घालून माझ्याबरोबर दवाखान्यात आले. डॉक्टरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, लग्नात आत बंद खोलीत सोबत बसलेले हेच ना? तुमचे व्याहीच तेव्हा सांगत होते.” जब्बारभाईंनी ते ऐकलं. रस्त्यात मला एवढंच म्हणाले, “भाभी, मन्हा घरमा मन्ही सूनबाईना कानवर हाई गोष्ट जावाले नको.” तीस वर्षांत हा माणूस माझ्यापुढे कधी खाली मान घालून बोलला नव्हता.

तेव्हा आता रक्तच देतो आहोत. पहिले दोन अहवाल स्वच्छ आले. ते तसेच येणार.

पपईची बाग काढली. विषाणू पडला होता, पानं आकसली होती. नाना आता अंगणात चालतात.

आई


ब्राह्मणपुरी
९ मार्च २०२५

स्वप्नाली,

आपण मागच्या आठवड्यात भेटलो. आज हे लिहायला बसले.

सहाही अहवाल स्वच्छ आले. डॉक्टरबाई उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता मी तुमचं धरते. नानांच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. मग बाईंनी चालण्याच्या परीक्षेचा तो लांब पॅसेज दाखवला. पांढरी फरशी, पलीकडे टोकाला तू उभी. नाना निघाले. अर्ध्यावर त्यांचा हात भिंतीला गेला. त्यांनी तो चटका बसल्यासारखा काढला आणि मागे वळून बाईंना म्हणाले, “फिरसे.” पुन्हा सुरुवातीपासून निघाले. बाईंनी करू दिलं. हात पुन्हा भिंतीला गेला. तिसऱ्या वेळी तूच पुढे येऊन त्यांना धरलंस.

मागच्या जुलैत त्यांनी ते अंतर चालून काढलं असतं. हे मी लिहून ठेवते, कारण घरात मला हे कोणी म्हणत नाही. नाना तर मुळीच नाही.

हर्षलाला दिवस गेले आहेत. तुला तिने सांगितलं असेलच. मी काल तळोद्याला गेले. रुखमाबाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव, तो बापाकडून मुलीकडे कसा येतो, मुलीची आणि पोटातल्या बाळाची तपासणी कशी होते. जसं वर्गात शिकवलं असतं तसं. बाईने पोळी लाटणं थांबवलं नाही. मग म्हणाली, “बाई, दारू झाकाकरता इतलं मोठं नाव कसाले लेतस? आम्ही कव्हय तुमनी पोरले त्यावरथून बोल लाया का?” वर माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, नवऱ्याचं झाकायला जीव तुटतो, मला कळतं.

हर्षला दारात उभी होती. तिला खरं ठाऊक आहे. ती काही बोलली नाही. मीच तिला वर्षभर बजावलं होतं, बोलायचं नाही म्हणून. ती आज्ञाधारक आहे; तुझ्यासारखी नाही. एप्रिलमध्ये मी तिला माहेरी आणते आहे. तेव्हा तू यावंस. तपासणीचं ती माझं ऐकणार नाही आता, तुझं ऐकेल. घरात यायला तुला कोणाची परवानगी नको. माझी तर नकोच.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते.

त्या पॅसेजमधून आपण खाली उतरलो. पुढे नाना आणि मी, मागे तू. वळणावर मी मागे पाहिलं. तू कठड्याला हात लावून उतरत होतीस. जिना रुंद होता, उजेड होता, तुझ्या हातात सामान नव्हतं. मी पाहिलं हे तुला कळलं आणि तू हात काढून ओढणी सारखी केलीस. तेही मी पाहिलं.

हा रोग पिढीगणिक लवकर येतो, असं तुझ्याच पाकिटात लिहिलं होतं. ते मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं, आणि तुला एकाही पत्रात काही विचारलं नाही. तू तपासणी करून घेतली आहेस का? घेतली असशील तर काय आलं ते मला लिही. चार ओळी पुरेत. नसेल घेतली तर या आठवड्यात घे.

तुमच्या चाचणीत नानांची रिकामी राहिलेली जागा अजून भरलेली नाही, असं बाई जाताना म्हणाल्या. तू तिथे नोकरीला असल्याने काही अडत असेल तर नोकरी दुसरी बघ. लग्न, लोक, मी, कशासाठीही थांबू नकोस.

नाना खाटेवर बसून विचारत आहेत, कोणाला लिहितेस. तुझं नाव सांगितलं. म्हणाले, “तिले सांग, मी बरा शे.” ते बरे नाहीत. चमचा सुटतो हातातून.

डॉक्टरबाई तुला जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे. मी शेजारी उभी असले तरी.

आई